ताराबाईंचा नमुना पाठ

मला हे नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. पण ताराबाई गेल्या, आणि त्या सभेत बसलेल्यांपैकी आता मी एकटाच उरलो आहे, म्हणून लिहितो.

एकोणीसशे चोपन्नच्या आसपासची गोष्ट. चांदा जिल्ह्यात, गोंडपिपरीच्या पुढे जंगलातल्या गावांत आम्ही प्राथमिक शाळेचे मास्तर होतो. बहुतेक शाळांत एकच मास्तर. बोलायला दुसरा शिकलेला माणूस नाही. म्हणून दर महिन्याला एका शनिवारी आम्ही सगळे केंद्राच्या शाळेत जमायचो. एकमेकांकडून शिकावं, ओळखी वाढाव्यात, असा सरकारचा हेतू होता. एकानं वर्गावर नमुना पाठ द्यायचा, बाकीच्यांनी मागं बसून पाहायचा आणि मग पाळीपाळीनं त्याचे दोष काढायचे. गुण सांगायची पद्धत नव्हती. ज्याला दोष सापडला नाही त्याचं लक्षच नव्हतं, असं धरत. त्यामुळे सभेतून परतताना प्रत्येक जण कुणावर तरी चिडलेला असायचा. ओळखी वाढल्या त्या अशा.

ताराबाई आमच्यात एकट्याच बाई. ढिवराच्या घरच्या. बाप तलावात जाळं टाकायचा, नवरा लवकर तापानं गेला. सातवी पास झाल्या आणि मुलचेऱ्याकडच्या एका गावी शाळेवर लागल्या. ढिवराच्या हातचं सगळ्यांना चालतं, एवढ्यावरून केंद्राचे हेडमास्तर गुणवंतराव यांनी ठरवून टाकलं की सभेचा स्वयंपाक ताराबाईंनी करायचा. पाठाची घंटा झाली की आम्ही वर्गात जायचो आणि त्या मागच्या पडवीत चुलीपाशी. भिंतीपलीकडून पाठ ऐकू यायचा तेवढाच त्यांचा.

मग हुकूम आला. ट्रेनिंग न झालेल्यांना पुढे नोकरीवर ठेवणार नव्हते. नॉर्मल स्कूलला, म्हणजे मास्तरांच्या ट्रेनिंगच्या शाळेला, आमच्या केंद्रातून एकच जागा होती, आणि ज्यानं सभेत पाठ दिला आहे त्याचंच नाव जाणार होतं. त्यातही नोकरीत जो जुना, तो आधी. ट्रेनिंग न झालेले दोघंच : ताराबाई, आणि गुणवंतरावांचे साळे भैयाजी. जुन्या ताराबाई. पण पाठ भैयाजींचा झालेला.

त्या शनिवारी घंटा झाली आणि ताराबाई पडवीत न जाता फळ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काऊन वं ताराबाई? चूल पेटली नाई?" गुणवंतराव म्हणाले.

"आज पाठ माहा हाये."

मागून कुणीतरी हसलं. भैयाजी म्हणाले, "मंग भात कोन शिजवन? आमी का कच्चे तांदूळ चावाव?"

"ज्याचा पाठ झाला नाई त्यानं एक काम कराव," ताराबाई म्हणाल्या. "माहा झाला नाई, हेडमास्तरचा झाला नाई. मी पाठ देतो, ते भात शिजवतीन. नाई तं त्यायनं पाठ द्याव, मी शिजवतो."

खरंच होतं. गुणवंतरावांनी कधी पाठ दिला नव्हता. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्यांचा चेहरा लाल झाला. "दे. दे पाठ," ते म्हणाले. "पाहू तं खरं, किती टिकते तू इथी."

पाठ तलावावर होता. फार चांगला झाला असं मी म्हणणार नाही. खडू दोनदा पडला, एका पोरावर त्या उगीच ओरडल्या. संपल्यावर सगळे तुटून पडले. आवाज मोठा आहे. पदर फळ्याला लागतो. पोरांकडे पाठ करून लिहिते. भैयाजींनी तर उभं राहून इतके दोष काढले की गुणवंतरावांना "बस कर बे" म्हणावं लागलं. माझी पाळी आली तेव्हा मी खडूचं सांगितलं. ताराबाई सगळं ऐकत तशाच उभ्या होत्या.

मग भूक लागली. चूल थंड होती. गुणवंतराव उठेनात, शेवटी शिव्या देत भैयाजींनी भात टाकला. ताटं मांडली तेव्हा ताराबाईंनी पहिला घास घेतला आणि सभेतल्याच सुरात म्हणाल्या, "खाली लागला. वरून कच्चा हाये. मीठ नाई. अजून कोनाले काई दोष सांगाचे हायेत?"

त्या दिवशी त्यांच्याशी कुणी बोललं नाही.

पुढच्या सभेला शाळा तपासणारे डिप्टी साहेब स्वतः आले. नाव कुणाचं पाठवायचं ते त्यांना तिथंच ठरवायचं होतं.

गुणवंतराव म्हणाले, "भैयाजींचं नाव घ्यावं, साहेब. ताराबाईंचा पाठ झालेला नाही. त्या स्वयंपाक पाहतात."

ताराबाईंनी तोंड उघडलं होतं, पण त्यांच्याआधी भैयाजीच उठले. महिनाभर गावोगाव ते सांगत फिरले होते की बाईची कशी जिरवली. ते सगळं खोटं ठरतं की काय, असं त्यांना वाटलं असावं.

"झाला ना, साहेब! मीच तं तिचे सर्वात जास्त दोष काढले!"

"मीबी काढले," दुसरा म्हणाला.

"पदराचं मी सांगतलो," तिसरा.

गुणवंतराव साळ्याकडे असे पाहत होते की मला मान खाली घालावी लागली. साहेबांनी विचारलं, "मग पाठ झाला म्हणायचा?" आता कोण नाही म्हणणार?

ताराबाई नॉर्मल स्कूलला गेल्या आणि पास होऊन परत आल्या. भैयाजींना पुढे नोकरी सोडावी लागली. त्याचा राग केंद्रातल्या सगळ्यांनी ताराबाईंवरच काढला. सभेत त्यांच्या शेजारी कुणी बसायचं नाही. त्यांनीही कधी कुणाला बस म्हटलं नाही. घरून फडक्यात भात बांधून आणायच्या, एकट्या खायच्या, आणि पाळी आली की दोष काढायच्या. कुणालाही सोडायच्या नाहीत. माझेही काढले.

गुणवंतराव निवृत्त झाले त्या सभेला हार होते, पेढे होते. त्या एका दिवसापुरती दोषांची पद्धत बाजूला ठेवली होती. एकेक जण उठून त्यांचे गुण सांगत होता. ताराबाईंची पाळी आली तेव्हा गुणवंतरावांनी हातातला पेढा खाली ठेवला.

ताराबाई उभ्या राहिल्या. "कधी पाठ दिला नाई," त्या म्हणाल्या. "बाकीचं पुढच्यानं सांगाव."

आणि खाली बसल्या. पुढचा मी होतो. उभा राहिलो आणि पेढे चांगले आहेत म्हणालो.