साड्यांचं कुंपण आणि सहा पाहुणे

रानाच्या सहवासात माणसाचा अहंकार गळून पडतो. हे मला ठाऊक नव्हते. पुण्याहून आलेल्या सहा जणांच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिल्याच ओळीत ते छापलेले होते. दुसऱ्या ओळीत आंघोळीला गरम पाणी मिळेल, असे होते.

बोर धरणाजवळच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावात माझी मावसबहीण राहते. माझ्याहून बरीच मोठी, म्हणून मी तिला बाई म्हणतो. नवरा गेल्यापासून घरामागचे दीड एकर ती एकटी पाहते. त्यात हरभरा असतो. तिची वर्षाची डाळ आणि पुढच्या वर्षाचे बियाणे त्यातूनच निघते. घरात दोन खोल्या रिकाम्या होत्या, म्हणून तिने पाहुणे ठेवायचे कबूल केले आणि मला सिंदी मेघेहून दुभाषी म्हणून बोलावून घेतले. पाहुणे मराठी होते, बाईही मराठी. तरी दुभाषी लागला.

पाहुण्यांची सहल जबाबदार होती. हा शब्द त्यांच्या तोंडी इतक्या वेळा येई की, बेजबाबदार माणसे नेमकी कुठे फिरायला जातात याचे मला कुतूहल वाटू लागले. सगळ्यांचे कपडे मातीच्या रंगाचे, नवे आणि कडक इस्त्रीचे. म्होरक्या तिशीतला. मोठ्या गटांविषयी तो अशा घृणेने बोले, जणू सातवा माणूस आला की जंगल मान टाकते. आल्या आल्या त्याने ओसरीवर एक कापडी फलक बांधला : ‘इथे आपण पाहुणे आहोत’. मग तो घरामागे गेला आणि कपाळाला आठ्या घालून परत आला.

बाईच्या शेताभोवती साड्या होत्या. आमच्याकडे जंगलाकाठी हीच रीत आहे. गावातल्या जुन्या साड्या गोळा करायच्या, जोडायच्या आणि बांधावरच्या काठ्यांना ताणून बांधायच्या. वाऱ्याने फडफडल्या की रोही, म्हणजे पुस्तकातली नीलगाय, बिचकते. कुठली साडी कोणाची हे बाई न अडखळता सांगते. पश्चिमेची गुलाबी सरपंचिणीची, तिच्या शेजारच्या दोन माझ्या बायकोच्या.

‘‘मावशी, हे रंग फार अंगावर येतात,’’ म्होरक्या म्हणाला. ‘‘फोटोत सगळा निसर्ग मरतो. शिवाय प्राण्यांना किती त्रास होत असेल!’’

‘‘त्याइले तरास व्हावा म्हणूनच तर बांधल्या नं, बापू!’’

तो हसला नाही. तीन दिवसांपुरत्या जंगलाकडच्या बाजूच्या साड्या उतरवाव्यात, अशी त्याने मला विनंती केली आणि ती मी बाईपर्यंत, थोडी साखर घालून, पोचवली. इथे माझी चूक झाली. पाहुण्यांसमोर मला मागासलेल्यांच्या बाजूने उभे राहायचे नव्हते.

‘‘तीन दिवसांचं काय सांगून राह्यला तू?’’ बाई म्हणाली. ‘‘रोह्याले एक सकाळ पुरते.’’

पण घरी आलेल्या माणसाला नाही म्हणणे तिला जमत नाही. तिने साड्या उतरवल्या, नीट घड्या घालून ओसरीच्या कोपऱ्यात ठेवल्या. सकाळी शेतात बसून मीच राखण करीन, म्हणाली.

दोन दिवस पाहुणे जिप्सीतून जंगलात गेले. वानरे दिसली, मोर दिसला, वाघाचा पंजा चिखलात दिसला. ‘‘आम्ही वाघासाठी आलोच नाही,’’ असे ते परतल्यावर एकमेकांना बजावत. वाघासाठी न आलेली माणसे इतकी हिरमुसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

तिसऱ्या सकाळी कार्यक्रमपत्रिकेत ‘ग्रामीण अनुभव’ होता. बाईने पाहुण्यांना चुलीवर भाकरी करायला शिकवायची. ‘‘राखणीले कोण जाईन?’’ तिने विचारले. मी म्हणालो, अर्ध्या तासाने काय होतंय? अनुभव सुरू झाला. भाकऱ्यांना निरनिराळ्या देशांचे आकार येत होते. तेवढ्यात एक पाहुणी मागच्या दारातून कुजबुजली, ‘‘अरे, बघा!’’

सात रोही होते. घाटे भरलेल्या हरभऱ्यात मान घालून स्वस्थ चरत होते. भाकऱ्या तव्यावर राहिल्या आणि सहाही जण दारात दाटीवाटीने बसले. कॅमेरे सुरू झाले. एकीच्या डोळ्यांत पाणी आले.

बाईने डबडे आणि काठी उचलली. म्होरक्याने तिचा हात धरला आणि ओठांवर बोट ठेवले.

‘‘मावशी, प्लीज. असा क्षण आयुष्यात एकदाच येतो.’’

बाईने त्याच्याकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. ‘‘भाऊ, याले सांग, माहा हरभरा खाऊन राह्यले ते.’’

मी सांगितले. त्याने मान डोलावली. ‘‘सहजीवन,’’ तो हळूच म्हणाला.

‘‘काय म्हणते हा?’’

‘‘खाऊ द्या म्हणतो.’’

बाईने हात हिसडला आणि अशी आरोळी ठोकली की शेजारची म्हैस उभी राहिली. डबडे बडवत ती धावली. मीही धावलो, इतक्या उशिरा धावण्याला काही अर्थ नव्हता तरी. रोही रमतगमत गेले. जंगलाकडचा अर्धा तुकडा बुडखे सोडून साफ झाला होता. बाई एक बुडखा हातात घेऊन बसली. ‘‘डाळ तर गेलीच, आता बियाणंबी पुरत नाई,’’ म्हणाली.

जाताना म्होरक्याने अभिप्रायाच्या वहीत लिहिले की, मुक्कामातला सर्वोच्च क्षण घरामागेच लाभला. फक्त यजमानांनी थोडा संयम शिकावा. गडबडीत फलक मात्र राहून गेला.

दुसऱ्या दिवशी मी आणि बाईने उरलेल्या हरभऱ्याभोवती साड्या पुन्हा बांधल्या. एक काठी उघडी राहत होती. बाईने ओसरीवरचा फलक सोडून आणला आणि अक्षरे जंगलाकडे येतील असा तिथे बांधला. वाऱ्यावर तो साड्यांपेक्षा जास्त फडफडतो. त्या बाजूने रोही अजून आलेले नाहीत.