विषाणूचा माग काढणाऱ्या बाई

नव्वदच्या दशकात मी बदलापूरच्या आरोग्य केंद्रात नर्स होते. एखाद्या मुलाचा पाय अचानक लुळा पडल्याची खबर आली, की मुंबईच्या प्रयोगशाळेतून एक बाई यायच्या. पोलिओचा विषाणू कुठे फिरतोय, याचा त्या माग काढत. जीपमध्ये शौचाच्या नमुन्यांचा बर्फाचा डबा कायम मांडीवर धरत. कुणी काही विचारलं, की क्षणभर थांबूनच उत्तर देत. त्या थांबण्याने लोक बिथरतील, अशी मला धास्ती वाटे.

एकदा बारवी धरणाकडच्या वाडीत एका आजारी मुलीचा बाप दारात आडवा उभा राहिला. वाडी गोळा झाली.

"पोरीची शी नेऊन काय करनार? त्यानं ती चालंल का?"

मी बाईंना डोळ्यांनी खुणावलं, हो म्हणा.

त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "नाही, दादा. हिचा पाय त्याने बरा होणार नाही. पण हा आजार दुसऱ्या पोरांकडे निघालाय का, ते कळेल."

कुजबुज वाढली.

"आजवर समदे होच म्हनले," बाप म्हणाला आणि बाजूला झाला.

बाई चपला काढून आत गेल्या. मुलीजवळ बसल्यावर डब्याचं झाकण त्यांनी दोनदा उलटं लावलं. इतका वेळ त्याही घाबरलेल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.