पोपडे

आमच्या गॅलरीत मेक्सिकोच्या एका चित्रकार बाईंचं प्रदर्शन लागायचं होतं. एक भिंत आपल्या चित्रातल्या गुलाबी रंगाचीच हवी, असा बाईंचा हट्ट. कॉन्ट्रॅक्टरचे रंगारी तीनदा आले आणि तिन्ही वेळा मिठाईच्या खोक्यासारखा गुलाबी फासून गेले. मालकीणबाई माझ्यावर वैतागल्या. मग मी माझ्या वडिलांना आणलं.

गिरणी बंद पडल्यावर त्यांनी पुढची सगळी वर्षं भिंतीच रंगवल्या. रंग जुळवण्यात त्यांचा हात धरणारं करी रोडला कुणी नव्हतं. पण दम लागायला लागला तशी कामं बंद झाली, आणि चाळीच्या गॅलरीत बसून बसून माणूस आतून खचत चालला होता. मी बोलावलं तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. ते माझे वडील आहेत, हे मात्र मी तिथे कुणालाच सांगितलं नव्हतं. लाज वाटली, दुसरं काय! बाकीच्या मुली परदेशात शिकलेल्या, मी कशीबशी चिकटलेली, आणि नोकरी अजून पक्की व्हायची होती.

ते चित्र होतं दाराएवढ्या लाकडी फळीवर, बिनफ्रेमचं, भिंतीला टेकवलेलं. हळदी, निळा, गुलाबी, थरावर थर, चुना आणि वाळू मिसळून बोटभर जाड. जागोजागी रंगाची सालं सुटून उभी राहिलेली. ते बघताना मला भरून यायचं. वडिलांना त्यातलं काही सांगायचं सुचलं नाही. घाई होती.

"बाबा, हे सॅम्पल समजा. यातला खालचा गुलाबी भिंतीला हवा," एवढं बोलून मी फोन घ्यायला आत गेले.

रंगाऱ्याला सॅम्पल म्हणजे प्लायचा तुकडा. त्यावर पोपडे आले असतील तर ते आधी खरवडायचे, पॉलिश पेपर मारायचा, मग साफ जागेवर खरा रंग बघायचा. वडिलांनी तेच केलं. फोन लांबला. तासाभराने मी बाहेर आले तेव्हा चित्राची हातभर जागा गुळगुळीत झाली होती आणि लादीवर रंगाचा भुगा पडला होता. शेजारी भिंतीवर त्यांनी गुलाबी पट्टा मारला होता. तो तंतोतंत जुळला होता.

तेवढ्यात मालकीणबाई आणि त्या चित्रकार बाई आल्या. चित्रकार बाई ओरडल्या नाहीत. खाली बसल्या आणि भुगा ओंजळीत गोळा करायला लागल्या. त्या फळीवर त्यांनी तीन वर्षं थर चढवले होते. मला ते ठाऊक होतं, माहितीपत्रकात मीच लिहिलं होतं.

मालकीणबाईंनी मला इंग्रजीत विचारलं, "या माणसाला कुणी आणलं?"

"कॉन्ट्रॅक्टरने पाठवलाय," मीही इंग्रजीत म्हणाले. "मी ओळखत नाही."

मोठ्या लोकांच्या घरी रंग मारून मारून वडिलांना एवढं इंग्रजी कळत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हातातलं पातं फडक्याला पुसलं आणि हात जोडले.

"चूक माझीच आहे, मॅडम. मला कोणी काही बोललं नव्हतं. मी माझ्या मनाने हात लावला."

हे ते मला म्हणाले, मॅडम. वॉचमनने त्यांना दंडाला धरून खाली नेलं. माझी नोकरी वाचली.

संध्याकाळी घरी गेले तर आई ताटं वाढत होती. तिने वडिलांना माझ्याबद्दल मालवणीत विचारलं, "चेडवाचा हापिस कसा आसा?"

"मोठा आसा," ते भात कालवत म्हणाले. "चेडवाक सगळे मान देतत."

आई खूश झाली. तिने मला माशाची मोठी तुकडी वाढली, आणि मी निर्लज्ज, ती खाल्ली.