खापरावरचे हात

“मांडा वाट देखत नही,” असे म्हणत अक्का दोन्ही हात कोपरापासून वर उचलीत, तळवे आकाशाकडे. हातांवर मांडा नसतानाही ही सवय सुटत नसे. दारात उभ्या राहून कोणाशी बोलत असल्या तरी हात तसेच. जणू काहीतरी पातळ, फाटण्याजोगे त्यांनी तोलून धरले आहे. तुमच्याही गल्लीत अशी एखादी व्यक्ती असेल, जिचे काम तिच्या अंगात इतके मुरलेले असते की ते तिच्यापासून वेगळे काढता येत नाही.

ज्यांनी खानदेशातला मांडा पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे स्पष्ट करतो. पुरण भरलेला सैल गोळा लाटायचा नसतो. तो हातांवर झेलत, फिरवत कोपरांपर्यंत पसरवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. मध्येच थांबले की तो फाटतो. धुळ्यात आमच्या गल्लीतील लग्नकार्यांचे मांडे अक्काच करीत.

त्यांना एक मुलगा, एक मुलगी. मुलीने स्वतःच्या पसंतीने लग्न केले आणि ती सुरतेला गेली. मुलाने आईला निक्षून सांगितले, “ती या घरात आली तर मी राहणार नाही.” तिला बोलावणार नाही, असे वचन अक्कांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून दिले आणि ते पाळले. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात. गल्लीत झोके बांधले जातात, गाणी सुरू होतात. त्या दिवशी अक्का दाराची कडी आतून लावून घेत.

माझी एक जुनी विद्यार्थिनी जळगावची. तिला म्हातारपणावर चित्रपट करायचा होता. तिच्याजवळ कॅमेरा होता, चार मित्र होते; निर्माता नव्हता. मदतीची जुळवाजुळव माझ्याकडे आली. कोणी ओटा दिला, कोणी खाटा, कोणी दोन वेळचे जेवण. कथा साधी होती: आखाजीला लेकीची वाट पाहणारी आई, आणि न येणारी लेक. मी ती अक्कांना वाचून दाखवली.

“हाई तुमले कोनी सांगं, गुरुजी?”

“कोणी नाही, अक्का. अशा पुष्कळ आया असतात.”

 दुसऱ्या दिवशी अक्कांनी खापर घासून ओट्यावर आणून ठेवले.

आईची भूमिका करणाऱ्या बाईंच्या हातांवर मांडा टिकेना. तेव्हा असे ठरले की चेहरा त्यांचा दाखवायचा आणि हात अक्कांचे. अक्कांना याची फार गंमत वाटे. “हात मना, तोंड दुसरीनं. बरं शे. मनं तोंड देखीसन कोन तिकीट काढी?”

चित्रीकरण पौषात चालले होते, त्यामुळे मांड्याबरोबरचा आमरस डब्यातला आणला होता. अक्कांनी तो चमच्याने ढवळून पाहिला. “हाऊ रस शे का रंग?” दिग्दर्शिका “कट” म्हणाली तरी त्यांचे हात थांबत नसत. मांडा खापरावर पडल्यावरच त्या मान वर करीत. दृश्य पुन्हा घेण्यासाठी केलेला प्रत्येक मांडा मंडळी खाऊन टाकीत. अखेर छायाचित्रकार हात जोडून म्हणाला, “अक्का, आता भाकरी द्या.”

शेवटच्या दृश्यात आईने लेकीसाठी एक मांडा झाकून ठेवायचा होता. अक्कांनी तो घडी घालून ताटात ठेवला, मग त्याची कोर मोडली आणि वाकून तिच्यावर फुंकर घातली. चित्रणात फक्त हात दिसतात. फुंकरीने वाफ एका बाजूला झुकते.

“हे कशाला, अक्का?” दिग्दर्शिकेने विचारले.

“लहानपने मनी पोरनं तोंड भाजे. पहिला तुकडा मी फुकीसन देऊ.”

ते दृश्य तसेच ठेवले. मानधनाचा विषय निघाला तेव्हा अक्का म्हणाल्या, “काही नको, माय. फक्त सुरतमा दखाडजो.”

मी हळूच म्हणालो, “अक्का, हे बोलावणेच झाले.”

“मी कोनले बलावत नही, गुरुजी. मी फक्त मांडा करस.” आणि दोन्ही हात वर.

चित्रपट पुढे रखडला. संकलन अडले, ध्वनीचे काम अडले. मी दारावरून गेलो की आतून हाक येई, “सुरतनं काय व्हयनं?” पुढे त्यांचे हात कापू लागले, मांडे बंद झाले. त्या खाटेला खिळल्या तेव्हाही अंगावरच्या चादरीची कड बोटांनी फिरवीत, पसरवीत असत. चित्रपट पूर्ण होण्याआधीच त्या गेल्या. मुलीचा पत्ता मुलाखेरीज कोणाजवळ नव्हता, आणि तो गप्प राहिला.

दिग्दर्शिकेने शब्द पाळला. सुरतेतील खानदेशी वस्तीत एका सभागृहात पांढरे कापड बांधून खेळ ठेवला; मीही सोबत गेलो. वस्तीत लावलेल्या जाहिरातीवर अक्कांचे हात छापले होते. खेळ संपून दिवे लागले, तेव्हा एक बाई खुर्च्यांच्या रांगांमधून प्रत्येक म्हाताऱ्या बाईचा चेहरा पाहत पुढे आली.

“त्या हात मनी मायना शेतस,” ती मला म्हणाली. “माय कोठे बसेल शे? सिनेमासंगे उनी व्हई ना? तिले सांगा, औंदा आखाजीले मी येसू. भाऊ काही बी म्हनो.”

आयुष्यभर मी मुलांना सांगत आलो की उत्तर थोडक्यात आणि स्पष्ट द्यावे. मी तसेच दिले.

ती रडली नाही.  दिग्दर्शिकेकडे वळून म्हणाली, “बाकी नको. तेवढा हात परत दखाड.”

दिवे मालवले. ती चालत थेट कापडाजवळ गेली आणि त्याला तोंड लावून उभी राहिली. मांडा पसरला, घडी पडली, कोर मोडली, वाफ झुकली. तिच्यासमोर कापडावर फक्त तिचीच सावली होती. हात तिच्या पाठीवरून फिरत होते.