दार लोटले

१४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी धुके, दहानंतर ऊन. पाणी वेळेवर. सव्वाअकराला तुरुंगाकडचे अधिकारी आले. शिक्केवाल्याच्या सुटकेबद्दल चौकशी. पाऊण तास बसले. चहा दोनदा. शुक्रवारी परत येणार. स्वयंपाकघरातला बल्ब बदलला.

बल्ब त्यांनीच बदलला. मी स्टूल ओढलेले पाहून म्हणाले, "आजी, तुम्ही पडलात तर तेही मलाच लिहावं लागेल." तिशीतला माणूस, पण डोळे दोन रात्रींचे जागे. तुरुंगात तीनशेंच्या जागेत नऊशे माणसे आहेत, म्हणून ज्यांनी कुणाला इजा केलेली नाही अशांना मुदतीआधी सोडायचे ठरले आहे, असे त्यांनी सांगितले. "एकानं कूस बदलली की ओळीतल्या सगळ्यांना बदलावी लागते," ते म्हणाले.

शिक्केवाल्याचे नाव यादीत होते. त्याचे सोळा महिने उरले होते. पण त्याच्या कागदांत एक ओळ होती: अटकेच्या वेळी दार अंगावर लोटले, शिपायाच्या बोटास जखम. ही ओळ खरी ठरली तर यादीतून बाहेर, म्हणजे तुरुंगात आत.

"आणि तिच्याखाली लिहिलंय, दुकानात हजर असलेल्या महिलेनं हे त्याच दिवशी वहीत नोंदवल्याचं सांगितलं. ती वही कुणी पाहिली?"

"कुणी मागितलीच नाही."

"मग मी मागतो."

माझ्या एक्कावन्न वह्या कपाटात वर्षवार लावलेल्या आहेत. मी जरा ऐटीतच उठले. पावणेचार वर्षांपूर्वीचे पान लगेच मिळाले. ३ मार्च, सोमवार. ढगाळ. बँकेतून शिक्केवाल्याकडे गेले. शिक्का तयार नव्हता. पोलीस आले. दार लोटले. एका शिपायाचे बोट चेमटले, काच फुटली. घरी आले. डाव्या चपलेचा अंगठा तुटला.

अधिकाऱ्यांनी दोनदा वाचले. "लोटलं म्हणजे? जोरात ढकललं, की नुसतं बंद करून घेतलं?"

मी ओळ पुन्हा वाचली. गर्दीत कुणी लोटले तर माणूस तोंडावर आपटतो. निजताना दार लोट म्हटले तर कडी न लावता हलकेच बंद करायचे असते. दोन्हीला शब्द एकच. आमच्या मिशनच्या शाळेत सिस्टरने शिकवले होते की रोजनिशीत जे घडले तेवढेच लिहावे, 'हळूच', 'जोरात', 'अरेरे' हे सगळे बाहेर ठेवावे. मी ते एक्कावन्न वर्षे पाळले. आता त्या एका 'हळूच'साठी माणूस अडकला होता.

"मला आठवत नाही," मी म्हणाले.

"शुक्रवारपर्यंत आठवा. माझ्या अर्जावर दोनच चौकोन आहेत. हो आणि नाही."

शिक्केवाल्याला मी वीस वर्षे ओळखत होते. एका इमारतीच्या जिन्याखाली त्याचे रबरी शिक्क्यांचे दुकान, रुंदी दोन हात पसरले की संपणारी, पुढे अर्धे काचेचे दार. उलटी अक्षरे जुळवून जुळवून त्याला उलटेच नीट वाचता येई. बसमध्ये तो समोरच्या काचेत उलट्या दिसणाऱ्या पाट्या वाचायचा. "सरळ वाचलं की डोळे दुखतात, ताई," म्हणायचा. तयार शिक्का आधी स्वतःच्या डाव्या तळहातावर उठवून बघायचा. त्यामुळे त्याच्या हातावर कधी 'मंजूर' असायचे, कधी 'रद्द', आणि एकदा तर दिवसभर 'मूळ प्रतीबरहुकूम'. माझे यजमान गेल्यावर मी त्याच्याकडे पत्त्याचा नवा शिक्का करायला टाकला होता, फक्त माझ्या नावाचा. तोच आणायला मी त्या सोमवारी गेले होते.

त्याने एका माणसाला कुठल्याशा शाळेच्या मुख्याध्यापकांचा शिक्का करून दिला होता. मग दुसऱ्या शाळेचा. मग तिसऱ्या शाळेचा. त्यातून खोटे दाखले निघाले. "पहिले दोन भोळेपणानं केले, तिसऱ्या वेळी मला कळलं होतं," असे कोर्टात त्याने स्वतःच सांगितले आणि पाच वर्षे ओढवून घेतली. शिक्के करणाऱ्यालाच शिक्का बसला, असे गल्लीत सगळे म्हणाले. मीही म्हणाले असेन.

बुधवारी संध्याकाळी त्याची बायको आली. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालते. बोलताना समोरचा माझा टॉवेल उचलून तिने त्याचीही घडी घातली.

"साहेब येऊन गेले ना, मावशी?"

"आले होते. दार कसं लोटलं ते विचारत होते. जोरात की हळू."

"मी कालच यांना भेटले. हे म्हणतात, मी दाराला हातच लावला नाही. साचा पडला होता, तो उचलायला टेबलाखाली वाकलो होतो, दाराकडे पाठ."

"मग लोटलं कुणी?"

तिने चहावर फुंकर मारली. "मीही तेच विचारलं. म्हणाले, ताईंना विचार."

"मला?"

"तुम्ही होतात ना तिथे." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागले. "मावशी, तुम्ही काही सांगा, पण सांगा. आमच्याकडे पलंग एकच. मुलीनं तो ओढून खिडकीखाली घेतलाय, बाबांना वारा लागेल म्हणून. मी म्हटलं, अगं, अजून कशात काही नाही. पण ती बापावर गेलीये, उलटंच ऐकते. आता तो परत भिंतीला ओढायचा का, एवढंच मला कळू दे."

ती गेली. तिची पाठ वळली तसे मी दार लोटले, आणि तिथेच उभी राहिले.

हात आपोआप गेला होता. कुणी आले, कुणी गेले, की माझा हात दाराला जातो. दार सताड उघडे टाकणाऱ्या मुलीला सिस्टर विचारायच्या, "गोठ्यात वाढलीस का?" म्हणून आम्हा सगळ्यांना ती खोड लागली. बँकेतही मी आत शिरले की पाठीमागे दार लोटते आणि पहारेकरी हसतो.

मी वही परत काढली. 'गेले', 'आले' वाचताना मी दिसते. बाई आहे, एकटी आहे, हे क्रियापदच सांगते. पण 'दार लोटले' मध्ये कुणीच दिसत नाही. मी लोटले तरी लोटले, त्याने लोटले तरी लोटले, शिपायाने लोटले तरी लोटलेच. 'मी' हे अक्षर पानोपानी मिरवू नये, हीदेखील सिस्टरचीच शिकवण. माझ्या वहीत ज्या वाक्याला कर्ता नाही त्याचा कर्ता मीच असते, दूध तापवले, दळण आणले, सगळे माझेच. मग हे एकच वाक्य त्याचे कसे?

मी डोळे मिटून आठवू लागले. काचेचा आवाज आठवतो. शिपायाच्या रुमालावरचे रक्त आठवते. शिक्केवाला कुठे होता ते आठवत नाही. माझा हात कुठे होता तेही नाही. चपलेचा अंगठा दाराशी तुटला की रस्त्यात, तेही नाही. आणि जे आठवते ते खरेच आठवते, की इतक्या वर्षांत दोनचारदा वाचून पाठ झाले आहे, हेही मला सांगता येईना. बाहेरच्या दाराशी जाऊन मी ते चारपाचदा उघडून लोटून पाहिले. समोरच्या शिंपीणबाईने विचारले, "काकू, बिजागरी बिघडली का?" मी हो म्हणाले.

शुक्रवारी अधिकारी आले. मी त्यांना सरळच सांगितले, "ते दार मी लोटलं असण्याचा संभव आहे."

त्यांनी पेन खाली ठेवले. "तुम्ही?"

मी कर्त्याची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मंगळवारची नोंद मागितली. मग पान माझ्याकडे फिरवून एका ओळीवर बोट ठेवले. "बल्ब बदलला. कुणी बदलला, आजी?"

"तुम्ही."

"इथे कर्ता कुठेय?"

 एक्कावन्न वह्यांत असे किती बल्ब असतील कोण जाणे.

"म्हणजे तो असेल, तुम्ही असाल, नाहीतर शिपाई स्वतःच," ते म्हणाले. "वहीवरून ठरत नाही."

"नाही ठरत. तसंच लिहा."

"तसा चौकोन नाही." त्यांनी अर्ज उलटून मागची बाजूही पाहिली. "शिपायाला विचारलं. तो म्हणतो, मी बोटाकडे बघत होतो. आता जे ठरत नाही ते माणसाच्या नावावर चढवायचं कसं?" त्यांनी एका चौकोनात खूण केली. कोणत्या, ते मला चष्म्याशिवाय दिसले नाही, आणि विचारायचे धाडस झाले नाही.

"आणि मीच असेन तर?"

"तुम्हाला कुठे ठेवू, आजी? आधीच पाळीनं झोपतायत."

त्यावर मी हसले, पण नंतर दोन आठवडे मला झोप नीट लागली नाही. तो सुटावा म्हणून मी स्वतःला मध्ये घातले, की खरेच मी होते म्हणून बोलले? रोज उत्तर बदलत होते.

शनिवारी, दोन डिसेंबरला, दुपारी चारला बेल वाजली. शिक्केवाला आणि मागे त्याची बायको. केस पांढरे, शर्ट सैल. डावा तळहात कोरा. मी "या" म्हणाले तरी तो उंबऱ्याबाहेरच उभा.

"ताई, तुमचा शिक्का राहिला," तो म्हणाला. "दुकानात आता दुसरं कुणी आहे. पण अक्षरं मला पाठ आहेत. करून देतो."

"ते असू द्या. आधी एक सांगा. दार मी लोटलं होतं का?"

तो दाराकडे बघत राहिला, जणू तेच सांगणार होते. "मला वाटायचं, तुम्हीच. मग वाटायला लागलं, मीच असेन, कारण कागदावर होतं. चौकशीत रोज वाचून दाखवायचे. हिला म्हटलं, हातच लावला नाही, पण आता नक्की नाही, ताई."

"मग कोर्टात माझं नाव का नाही घेतलंत?"

"दाराबद्दल कुणी विचारलंच नाही. पाच वर्षं शिक्क्यांची होती."

"पलंग खिडकीखालीच आहे, मावशी," त्याची बायको मध्येच म्हणाली. "यांना वाऱ्यानं शिंका येतायत."

मग ते दोघे आत येऊन अर्धा तास बसले. निघताना तो दारापाशी थांबला, आत मी, बाहेर तो, आणि दार कुणी लावायचे हे आम्हाला दोघांनाही कळेना. शेवटी त्याच्या बायकोने ते बाहेरून ओढून घेतले.

रात्री वही उघडली. तारीख, हवा, पाणी. मग लिहिले: मी दूध तापवले. मी बाहेरच्या दाराच्या बिजागरीला तेल घातले.