पंधरा किलोची बॅग आणि पप्पांचा आकडा

गेल्या महिन्यात माहेरची सुट्टी संपवून बेंगळुरूला परत निघाले होते. चिकलठाण्याच्या विमानतळावर काउंटरवर बॅग ठेवली आणि आकडा बघून डोळेच विस्फारले... वीस किलो सहाशे ग्रॅम! मर्यादा पंधराची.

माझा विश्वासच बसेना. कारण ही बॅग माझ्या पप्पांनी तोलली होती, आणि पप्पांनी तोललं म्हणजे विषय संपला. वाळूजच्या एका कंपनीत ते तीस वर्षं वजनकाट्यावर होते. भरलेल्या ट्रकचं वजन, त्यातून रिकाम्या ट्रकचं वजन वजा... उरला तो माल. उभा जन्म त्यांनी हेच केलं.

घरीही तीच पद्धत. बॅग कवेत घेऊन स्वतः काट्यावर उभे राहायचे आणि आलेल्या आकड्यातून आपलं वजन वजा करायचं, बहात्तर. निघायच्या आदल्या दिवशीही तसंच. "सत्त्याऐंशी वजा बहात्तर, पंधरा. जा बिनधास्त, ग्रॅमभर इकडं तिकडं नाय व्हायचं!"

मी काउंटरवरूनच फोन लावला. मी विमानात बसेपर्यंत ते बाहेरून हलत नाहीत, ही त्यांची जुनी खोड. ऐकल्या ऐकल्या भडकले... "त्यांचाच काटा खोटा असंल. दुसऱ्यावर ठेवायला लाव!"

मीही कमी नाही, काटेवाल्याचीच पोर. हुज्जत घालून बॅग शेजारच्या काउंटरवर ठेवायला लावली. तिथंही वीस किलो सहाशे. मागं रांगेत लोकांची कुजबुज सुरू झाली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काउंटरवरची मुलगी मात्र शांत होती. घरी वजन कसं केलं होतं, एवढंच तिनं विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात पप्पांची पद्धत सांगितली. ती म्हणाली, "मॅडम, पण काकांचं स्वतःचं वजन शेवटचं कधी केलं होतं?"

बहात्तर हा आकडा मी कॉलेजात असल्यापासून ऐकत होते. दोन्ही काटे बॅगेबद्दल एकच सांगत होते. मग चूक बॅगेत नव्हतीच... सत्त्याऐंशीतून वीस किलो सहाशे गेले की जेमतेम साडेसहासष्ट उरत होते, म्हणजे पप्पाच साडेपाच किलोंनी कमी भरत होते.

मग एकेक आठवायला लागलं. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक... त्यावरून मीच चिडवलं होतं, "काय हिरो, कुणासाठी बारीक होताय?" उशाशी सतत पाण्याची बाटली. आई म्हणायची, रिटायर झाल्यापासून फिरायला जातात ना, म्हणून उतरलेत. आणि आम्ही सगळ्यांनी ते खुशाल मान्य केलं होतं.

तिथंच खाली बसून बॅग उघडली. ज्वारीचं पीठ, आईनं हट्टानं कोंबलेला दगडी खलबत्ता, करमाडच्या मावशीकडचे केशर आंबे... सगळं एका पिशवीत भरलं आणि दाराशी गेले. तिथल्या जवानाला विनवलं, बिचाऱ्यानं दारातूनच पिशवी बाहेर देऊ दिली.

पिशवी घ्यायला पप्पा पुढं आले आणि मी त्यांच्याकडं पंधरा दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं. शर्ट खांद्यावरून उतरला होता, गालफडं बसली होती.

"पप्पा, घरी गेल्या गेल्या काट्यावर उभं राहायचं. रिकाम्या हातानं."

"मला काय धाड भरलीय? चल, उशीर होईल तुला."

"तीस वर्षांत रिकामा ट्रक न तोलता, जुन्या आकड्यावर कधी पावती फाडलीत का?"

पिशवी या हातातून त्या हातात घेत ते हळूच म्हणाले, "नाय फाडली."

बेंगळुरूला उतरून फोन चालू केला तर आईचे चार मिस्ड कॉल. "साडेसहासष्ट भरले गं... मशीन बिघडलंय म्हणत तीनदा चढले-उतरले." मी तिला धीर दिला आणि उद्याच्या उद्या त्यांना डॉक्टरकडं न्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आईनं त्यांना अक्षरशः ओढत तपासणीला नेलं. साखर भलतीच वाढली होती. बाकी सगळ्या तपासण्या झाल्या, देवाच्या दयेनं दुसरं काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात... गोळ्या, पथ्य आणि चालणं नेमानं ठेवलं तर आटोक्यात राहील. हे ऐकून मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

आता पप्पा रोज सकाळी छावणी भागात मोठी चक्कर मारतात. चहा बिनसाखरेचा, त्यावरून आईशी रोजचं भांडण. पण चेहऱ्यावर तजेला येतोय... भांडायला अंगात जोर आलाय हेच केवढं!

त्या काउंटरवरच्या मुलीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. चारदोन किलो जास्त आहे, जाऊ दे म्हणून तिनं बॅग सोडली असती, तर मी आनंदानं आंबे घेऊन उडाले असते आणि आम्हाला कळायला कोण जाणे किती उशीर झाला असता. पोरी, जिथं असशील तिथं सुखी राहा.

इतकी वर्षं मी रोज फोनवर विचारायचे, "बरे आहात ना?" आणि तिकडून रोज यायचं, "एकदम ठणठणीत!" आता मी ते विचारतच नाही... दर रविवारी सरळ काट्याचा फोटो मागते. आणि पप्पा, कुरकुरत का होईना, पाठवतात.