स्वतःचं नाव स्वतः सुचवू नये

कडीताई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ती एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसायची, आणि "एकच मिनिट आत डोकावून येतो" म्हणणाऱ्या एकालाही तिने कधी आत सोडलं नाही. पेशंटांनी वैतागून हे नाव पाडलं. पुढे डॉक्टर निवृत्त झाले, दवाखान्याला कुलूप लागलं, आणि बाईंना वाटलं, आपली विद्या पाण्यात गेली. पण आगंतुकांचा जगात कधी तुटवडा पडतो होय?

तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर मास्तर राहायचे, भूगोल शिकवून रिटायर झालेले. कपड्यांच्या मोठ्या कपाटातले कोट बाजूला सारून तिथे माईक लावायचा, पाहुण्याला स्टुलावर बसवायचं आणि त्याच्या कामाबद्दल बोलतं करायचं, असा त्यांचा पॉडकास्ट. क्रेन चालवणारा, चष्म्याच्या काचा घासणारी, अशी माणसं यायची. ऐकणारे वाढले, तसे यायला टपलेलेही वाढले. मास्तरांचा नंबर कुठून तरी फुटला आणि भीक नको पण कुत्रा आवर अशी गत झाली. प्लॉट विकणारे काय, यशाचे मंत्र देणारे काय! एकाने तर मास्तरांना न्हाव्याच्या खुर्चीत गाठलं आणि तोंडाला साबण असताना आपली जीवनकहाणी ऐकवली.

"ताई, मी बंद करतो हे सगळं," मास्तर एकदा जिन्यात म्हणाले.

"बंद कशाला? दार लावू या," कडीताई म्हणाली. "एकच दार. बाकी सगळीकडून भिंत."

तिने खटपट करून इंटरनेटवर एक पान तयार केलं. यायचं असेल त्याने तिथलं बटण दाबायचं आणि बोलायचं: तुम्ही कोण, काय करता, आणि तुम्हाला का बोलवावं. मास्तरांचा नंबर बदलला. रस्त्यात कोणी अडवलं, तर खिशातलं त्या पानाच्या पत्त्याचं कार्ड द्यायचं आणि चालू लागायचं, अशी त्यांना सक्त ताकीद. आलेला प्रत्येक निरोप कडीताई शेवटपर्यंत ऐकायची, कितीही रटाळ असो. हो की नाही ते आठवड्यात कळवायची. "बघू", "नंतर सांगते" असलं लोंबकळतं उत्तर तिला खपायचं नाही. तिचं बघून आणखी दोघातिघा पॉडकास्टवाल्यांनी आपापली दारं तिच्या हवाली केली. बाईंची कॉलर ताठ झाली, आणि का होऊ नये?

पण मास्तरांचा चेहरा पडत चालला. पाहुणे यायचे, घडाघडा बोलायचे, पाणी पिऊन जायचे. पाठ केलेलं भाषण म्हणून दाखवावं तसे. ऐकणारेही कुरकुर करू लागले.

"ताई, या महिन्यात एक तरी खरा माणूस मिळाला तर ठीक," मास्तर म्हणाले. "नाहीतर मी माईक काढतो आणि कोट परत जागेवर लावतो. वय झालं, खोटं ऐकत बसायचा कंटाळा येतो."

तिला दोष दिला नाही त्यांनी. दिला असता तर परवडलं असतं. एका माणसाला म्हातारपणी जीव रमवायला सापडलेली गोष्ट आपल्या दाराने मारली, हे तिच्या मनाला फार लागलं.

नाकारलेले सगळे निरोप तिने पुन्हा ऐकले. चुकून कोणी सुटलं का? छे, नाकारले ते नाकारायच्याच लायकीचे होते. मग तो क्रेनवाला कसा आला होता? त्याच्या मेहुण्याने मास्तरांना बाजारात थांबवून सांगितलं होतं. चष्म्याच्या काचांवाली? तिच्या शेजारणीने फोन केला होता.

सासूबाई शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. उभी हयात लाँड्रीत गेलेली, बोलणं मोजकं. सुनेशी तर फारच मोजकं.

"आई, तुम्हीच का नाही बोलत मास्तरांकडे?" कडीताईने सहज विचारलं.

"आणि मला का बोलवावं, ते मीच सांगू? लाज आहे मला थोडी."

आत्ता कडीताईला उमगलं. तिच्याच प्रश्नाने चांगली माणसं उंबऱ्यावरून परत जात होती, आणि आपली टिमकी आपणच वाजवणारे तेवढे आत येत होते.

सकाळी तिने पानावरचे तिन्ही प्रश्न पुसले आणि लिहिलं: स्वतःचं नाव स्वतः सुचवू नये. दुसऱ्याचं सुचवा आणि का, ते सांगा. प्लॉटवाल्यांनी आपली नावं सुचवायला बायकांना पुढे केलं, ते पहिल्या वाक्यालाच कळायचं. पण एका बस कंडक्टरने डेपोतल्या बाईंचं नाव दिलं. प्रवाशांच्या विसरलेल्या छत्र्या त्या सांभाळतात, आणि पाऊस आला की धनी न आलेल्या छत्र्या भिजणाऱ्यांना वाटतात. मास्तरांनी तो निरोप दोनदा ऐकला.

"बोलवा," ते म्हणाले, आणि कपाटातले कोट स्वतःच बाजूला सारायला लागले.

त्याच आठवड्यात एका दुपारी तिने पुढचा निरोप लावला आणि ती चमकली. आवाज घरातलाच होता.

"चालू झालं का हे? बरं. मला माझ्या सुनेचं नाव द्यायचंय. आमचे हे आजारी होते, तेव्हा घरात माणसांची रीघ. ह्यांना उठवून बसवायचे, तेच तेच विचारायचे. हिने दारात खुर्ची टाकली आणि सगळ्यांना परत पाठवलं. माझ्या सख्ख्या भावालासुद्धा. मी तिला चारचौघांत माणूसघाणी म्हटलं. तरी ती खुर्चीवरून हलली नाही. पण ते शेवटचे दिवस आम्ही दोघं निवांत होतो. तेवढा निवांतपणा आम्हाला अख्ख्या संसारात मिळाला नव्हता. तो तिने दिला. हे तिला तोंडावर सांगायचं राहूनच गेलं. बस, एवढंच."

कडीताईने कानातला हेडफोन काढला. डोळे पुसले, पुन्हा भरले. मग ती स्वयंपाकघरात गेली. सासूबाई पाठमोऱ्या, भांडी लावत होत्या.

"आई, घरच्यांचं नाव आम्ही घेत नाही. नियम आहे."

"ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या. "पण निरोप तू शेवटपर्यंत ऐकतेस, हेही ठाऊक होतं."